शेजाऱ्याचा कंटेनर पाहून कर्ज काढावे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांनी उभी केलेली फाउंड्री (धातू ओतून भाग घडवणारा कारखाना) पत्रलेखक गेली सहा वर्षे सांभाळत आहेत. पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉडी, ट्रॅक्टरचे थोडे सुटे भाग, ५५ कामगार, एक इंडक्शन फर्नेस आणि तीन यंत्रांचे छोटे मशीन शॉप असा पसारा आहे. सगळा माल देशातच जातो. आता पुण्यातील एका मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत (इतरांचा माल घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत) जर्मनीतील एका खरेदीदाराची व्हॉल्व्ह बॉडीसाठी चौकशी आली आहे. त्याच रांगेतील दोन निर्यातदार फाउंड्र्यांचे माणशी उत्पादन आपल्या जवळजवळ दुप्पट आहे, असे त्यांच्या पाहण्यात आले. ‘ते निर्यात करतात म्हणून ते पुढे गेले, आम्हीही सुरू केली की आमचीही उत्पादकता वाढेल,’ असे ते लिहितात, आणि त्या भरवशावर दोन कोटींचे कर्ज काढून नवी मोल्डिंग लाइन (वाळूचे साचे बनवणारी यंत्रमालिका) घ्यावी असा त्यांचा विचार आहे. वडिलांचे म्हणणे एवढेच, की ‘आधी घरातले रिजेक्शन (सदोष निघणारा माल) बघ, मग परदेशाचे बघू.’ यावरून घरात अबोला धरण्याची वेळ आली आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ‘म्हणून’ हा एकच शब्द मला अडला. शेजारचे दोघे निर्यात करतात, आणि ते तुमच्या पुढे आहेत; या दोन्ही गोष्टी तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या असल्यामुळे त्यांवर वाद नाही. पण पहिलीमुळे दुसरी घडली, हे तुम्ही पाहिलेले नाही, ते तुम्ही जोडलेले आहे. दोन कोटींचे कर्ज या जोडावरच उभे राहणार असल्यामुळे आधी तो जोडच ठोकून पाहू.

निर्यात करणारे कारखाने इतरांपेक्षा सरस असतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. अँड्र्यू बर्नार्ड आणि ब्रॅडफर्ड जेन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतील कारखान्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा निर्यातदार आकाराने मोठे, माणशी अधिक उत्पादन काढणारे आणि अधिक पगार देणारे आढळले. मात्र त्यांनी पुढे जाऊन हेच कारखाने निर्यात सुरू करण्याच्या आधी कसे होते, हेही पाहिले, आणि ते तेव्हाही पुढेच होते. निर्यात सुरू झाल्यावर त्यांची कामगारसंख्या वाढली, ते टिकूनही अधिक राहिले; पण त्यांच्या उत्पादकतेचा वेग इतरांपेक्षा वाढला, असे ठामपणे म्हणता येईना. १९९८ मध्ये क्लेरिडिस, लॅक आणि टायबाउट यांनी कोलंबिया, मेक्सिको आणि मोरोक्को या तीन देशांतील कारखान्यांचा असाच मागोवा घेतला आणि निष्कर्ष बहुतांशी तोच निघाला. २००३ मध्ये मार्क मेलिट्झ यांनी त्यामागचे कारण सूत्रात मांडले: परदेशी बाजारात पाऊल टाकण्याचा एक ठरावीक खर्च असतो, माल थोडा विका की फार, तो करावाच लागतो, आणि जो कारखाना मुळात कमी खर्चात माल काढतो त्यालाच तो पेलतो.

हा खर्च म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. नवा पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा घडतो तो) आणि कोअर बॉक्स (नगाच्या आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा साचा), नमुन्याच्या तीन-चार फेऱ्या, प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याचा, धातूतील घटक दाखवणारा स्पेक्ट्रो रिपोर्ट, खरेदीदाराच्या माणसाचे ऑडिट, निर्यातीचे पॅकिंग, आणि हे सगळे पहिला रुपया हाती येण्याआधी. म्हणून शेजाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: त्यांची मोल्डिंग लाइन आधी आली की पहिला कंटेनर आधी गेला? कोल्हापूरकर कारखानदार अशा गोष्टी चहावर मोकळेपणाने सांगतात. लाइन आणि शिस्त आधी आली असेल, तर तुम्हाला दिसते ती त्यांची दुप्पट उत्पादकता म्हणजे निर्यातीच्या दारातून आत जाण्यासाठी त्यांनी दिलेली किंमत आहे.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. ज्यांनी निर्यात करून पाहिली, दोन कंटेनरवर खोट खाल्ली आणि पुन्हा देशी गिऱ्हाइकांकडे वळले, त्यांच्या फाटकावर तशी पाटी नसते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या तिन्ही औद्योगिक वसाहतींत असे कारखाने आहेत. तुमच्या तुलनेत ते आलेलेच नाहीत, कारण आज ते निर्यातदार म्हणून ओळखले जात नाहीत.

एवढे वाचून वडिलांचेच खरे, असे तुम्ही ठरवून टाकाल, पण थांबा. निर्यातीमुळे कारखाना काहीच शिकत नाही, असे म्हणणेही आता धरून राहता येत नाही. स्लोव्हेनियातील कारखान्यांवर यान डे लोकर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निर्यात सुरू केल्यानंतर उत्पादकता वाढल्याचे दिसले. लिलीव्हा आणि ट्रेफलर यांनी कॅनडाचे उदाहरण घेतले. १९८९ च्या अमेरिका-कॅनडा मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेचे आयातशुल्क उतरले, आणि त्यामुळे जे लहान, मागे असलेले कारखाने प्रथमच निर्यातीकडे वळले त्यांची माणशी उत्पादकता वाढली. पण याच कारखान्यांनी त्याच काळात नवी उत्पादने काढली होती आणि नवे तंत्रज्ञानही आणले होते. बाजार मोठा होणार याची खात्री पटल्यामुळे गुंतवणूक परवडली आणि गुंतवणुकीमुळे तो बाजार हाती आला. त्यांच्याकडे कायद्याने उतरलेले शुल्क होते. तुमच्याकडे सध्या एक चौकशी आहे, हा फरक कर्जाचा विचार करताना लक्षात असू द्या.

मला मात्र तुमच्या प्रश्नासाठी सर्वांत उपयोगी वाटतो तो इजिप्तमधील प्रयोग. डेव्हिड ॲटकिन, अमित खंडेलवाल आणि ॲडम उस्मान यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात फोवा नावाचे गाव आहे. तिथे हातमागावर गालिचे विणणारे अगदी छोटे उत्पादक आहेत. श्रीमंत देशांतून आलेल्या ऑर्डरी कोणाला द्यायच्या, हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. त्यामुळे ‘मुळात सरस होते म्हणून निर्यात मिळाली’ हा आक्षेपच उरला नाही. ज्यांना ऑर्डरी मिळाल्या त्यांचा नफा इतरांपेक्षा १६ ते २६ टक्क्यांनी अधिक निघाला. पण तासाला किती चौरस मीटर विणले, हे मोजले तर त्यांचे उत्पादन घटलेले होते! परदेशी गालिचा अधिक घट्ट, अधिक नेमका, म्हणून त्याला वेळ अधिक लागत होता. मालाच्या अवघडपणाचा हिशेब धरला, तेव्हा मात्र तेच विणकर पुढे गेलेले दिसले. मग संशोधकांनी सर्वांना एकाच ठिकाणी, एकाच मागावर, एकसारखे सूत देऊन साधा देशी गालिचा विणायला बसवले. निर्यात केलेल्यांचा गालिचा सरस उतरला, आणि त्याला वेळही जास्त लागला नाही. म्हणजे शिकलेले हातात मुरले होते. त्यात ज्या दोषांबद्दल खरेदीदार आणि मध्यस्थ यांनी विणकरांशी प्रत्यक्ष बोलणे केले होते, सुधारणा मुख्यतः तिथेच दिसली.

या प्रयोगातून तुमच्या कारखान्यासाठी दोन गोष्टी निघतात, आणि दोन्हींवर तुमच्या पत्रात विचार झालेला नाही.

पहिली मोजमापाची. तुम्ही शेजाऱ्यांशी तुलना केली ती माणशी टनांत. जर्मन व्हॉल्व्ह बॉडीला भिंतीची जाडी कमी, कोअर अवघड, प्रेशर टेस्ट कडक. तुमच्या ट्रॅक्टरच्या जाड भागाशी तिची टनात तुलना होऊच शकत नाही. निर्यात सुरू केल्यावर पहिले सहा महिने तुमचे माणशी टन खाली येतील. हे माहीत नसेल तर तुम्ही तिसऱ्याच महिन्यात घाबरून चांगले काम सोडून द्याल. उलट, माणशी रुपये मोजलेत तर युरोचा भाव चढल्यावरही उत्पादकता वाढल्याचा भास होईल, आणि तेव्हा भट्टीवर काहीच सुधारलेले नसेल. म्हणून एकच नग निवडा, जो तुम्ही वर्षानुवर्षे काढता, आणि त्याला लागणारे मनुष्य-तास, टनामागे विजेची युनिट आणि रिजेक्शन यांची आजची नोंद करून ठेवा. वर्षभराने निर्यातीने काही शिकवले की नाही, हे त्या जुन्या देशी नगावर दिसेल. फोवाच्या साध्या गालिच्यावर दिसले तसेच.

दुसरी गोष्ट दोषाची बातमी तुमच्यापर्यंत कशी येते, याची. याबाबत मी जे जवळून पाहिले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या फाउंड्रीत गेलो होतो. फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) शेडमागे नापास म्हणून लाल रंग मारलेल्या कास्टिंगचा ढीग पडला होता, भट्टीत परत जाण्याची वाट पाहत. मालक म्हणाले, ‘बाहेरच्या मालात डेबिट नोट येते, म्हणजे पैसे कापले जातात, पण कारण कळत नाही.’ पुढे केव्हातरी मध्यस्थाच्या कार्यालयातून फाइल मिळाली, तेव्हा तिच्यात खरेदीदाराने पाठवलेले फोटो होते. गॅस्केट बसते त्या फेसवर जेमतेम दोन मिलिमीटरचे वाळूचे छिद्र, त्याकडे बाण, आणि प्रत्येक फोटोत छिद्र त्याच जागी. फोटो तीन महिने फाइलमध्येच होते. मोल्डरला ते दाखवल्यावर तो म्हणाला, ‘अहो, ही तर गेटच्या तोंडाची वाळू धुपून येते.’ गेटिंग, म्हणजे साच्यात धातू शिरण्याची वाट, बदलले आणि तो दोष गेला. त्या फाउंड्रीने तोवर तीन महिने निर्यात केली होती, पण शिकण्यासारखे जे होते ते पुण्या-मुंबईच्या कपाटात बंद होते. निर्यातीतून शिकायचे असेल तर माल ज्या वाटेने जातो त्याच वाटेने दोषाची बातमी परत आली पाहिजे, थेट मोल्डरपर्यंत. तुमच्या मर्चंट एक्स्पोर्टरबाबत दराइतकेच, किंबहुना दरापेक्षा अधिक, हे पाहा.

आता वडिलांच्या बाजूकडे येतो. त्यांच्या म्हणण्याला भक्कम आधार आहे, आणि तोही आपल्या जवळचा. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव येथील कापड कारखान्यांत एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना सल्लागार दिले. त्यांनी दोषांची रोज नोंद ठेवायला लावली, सुताच्या गोदामात शिस्त आणली, यंत्रांची देखभाल वेळापत्रकावर घेतली. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, आणि त्यासाठी कोणाला परदेशी गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. तुमचाच हिशेब मांडून पाहा. समजा महिन्याला १०० टन धातू ओतता, यील्ड (ओतलेल्या धातूपैकी प्रत्यक्ष नगांत उतरणारा भाग) ६० टक्के आणि रिजेक्शन ८ टक्के आहे. तर चांगला माल ५५.२ टन निघतो. रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणले की तो ५७.६ टन होतो. रायझर आणि रनर (साच्यात धातू पुरवणाऱ्या वाटा) नीट बसवून यील्ड ६३ टक्क्यांवर नेले तर ६०.४८ टन. तीच भट्टी, तीच माणसे, तेवढीच वीज, आणि साडेनऊ टक्क्यांहून अधिक माल. यात दोन कोटींमधला एक रुपयाही लागलेला नाही.

तरीही वडिलांच्या वाक्यातील ‘मग’ या शब्दावर माझा आक्षेप आहे, आणि तो त्यांना आदराने सांगावा असे मला वाटते. घरातले रिजेक्शन संपल्यावर परदेशाचे पाहू, असे म्हटले तर ते संपत नाही. देशी गिऱ्हाईक जुने असते, त्याला तुमच्या मालाची आणि तुम्हाला त्याच्या सवलतीची सवय झालेली असते. लहान छिद्र तो वेल्ड करून घेतो, फोन करतो आणि विषय मिटतो. अशा वातावरणात दोषांची वही दोन-तीन महिने उत्साहाने भरली जाते आणि मग कोपऱ्यात जाते. सुधारणेला मुदत लावणारा कोणीतरी बाहेरचा लागतो. जर्मनीतील खरेदीदाराचा खरा उपयोग तुम्हाला त्यासाठी आहे, आणि तो उपयोग लहान ऑर्डरमधूनही तितकाच होतो.

त्यामुळे चौकशीला नकार देऊ नका, पण लाइनही आत्ता घेऊ नका. एकच नग, सध्याच्या मोल्डिंगवर, नमुन्यापुरता आणि नंतर महिन्याला काही शे नगांपुरता स्वीकारा. मर्चंट एक्स्पोर्टरला लिहिताना चार गोष्टी लेखी मागा: तांत्रिक बाबींवर खरेदीदाराच्या गुणवत्ता विभागाशी तुमचा थेट पत्रव्यवहार, दोषाचा अहवाल आणि फोटो ठरावीक दिवसांत तुमच्या हाती, डेबिट नोटीला कमाल मर्यादा, आणि पॅटर्नचा खर्च कोणाचा व पॅटर्न कोणाच्या मालकीचा, हे स्पष्ट. दर थोडा कमी मिळाला तरी पहिल्या दोन मागण्या सोडू नका. हे त्याला मान्य नसेल तर तुम्ही त्याच्यासाठी केवळ जॉबवर्क करणार आहात, असे समजा. त्यात नफा असू शकतो, पण मग उत्पादकता वाढण्याची अपेक्षा त्या ऑर्डरवर लादू नका.

नव्या लाइनचा विचार मी केव्हा करेन? त्या नगाच्या पुन्हा-पुन्हा ऑर्डरी येऊ लागल्या, रिजेक्शन ठरवलेल्या आकड्याखाली सलग सहा महिने राहिले आणि सध्याचे मोल्डिंगच खरोखर अडथळा ठरू लागले, तर. बहुतेक वेळा अडथळा फेटलिंगमध्ये किंवा कोअर शॉपमध्ये निघतो, आणि लाइन घेतल्यावर तिच्यापुढे अर्धवट मालाचे डोंगर साचतात.

घाई न करण्याचे आणखी एक कारण आहे. कर्जाचा हप्ता दरमहा ठरलेला असतो, परदेशी बाजार तसा नसतो. २७ ऑगस्ट २०२५ रोजी अनेक भारतीय वस्तूंवरचे अमेरिकी शुल्क एकदम ५० टक्क्यांवर गेले; एका आदेशाने गणित बदलते ते असे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि युरोपला पोहोचायला आणखी दिवस लागू लागले. तेवढे दिवस तुमचे पैसेही पाण्यावर असतात. आणि आपल्या दाराशीच पाहायचे तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक काही दिवस ठप्प होती. जुलै-ऑगस्टच्या डिलिव्हरीसाठी थोडा तयार माल आधीच न्हावा-शेवा बंदराकडे निघालेला असावा, असे वेळापत्रक करा. या सगळ्यासाठी खेळते भांडवल लागते. बँकेकडे जायचेच असेल तर लाइनसाठी नव्हे, आधी त्यासाठी जा.

कागदपत्रांची बाजू अवघड नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत जाताना बरेचसे तोच करतो, तरी स्वतःच्या नावाचा आयईसी (आयात-निर्यातदाराचा) क्रमांक काढून ठेवा. पुढे थेट निर्यात करायची झाली तर जीएसटीसाठी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र) भरणे आणि ईसीजीसी या सरकारी निर्यात-पत हमी कंपनीचा विमा घेणे विसरू नका, कारण परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे बुडाले तर तिथे जाऊन वसूल करणे तुमच्या-माझ्या आवाक्यातले नसते. युरोपीय संघाची कार्बन सीमा व्यवस्था (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावर आकार लावणारी) १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण अंमलाच्या टप्प्यात आली आहे. तुमचा नग तिच्या कक्षेत येतो की नाही, हे एचएस कोडवर (मालाच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर) ठरते, तो तपासून घ्या. येत नसला तरी टनामागे किती युनिट लागली याची नोंद वर सांगितलीच आहे. खरेदीदाराने विचारले तर तीच कामी येईल.

असाच प्रश्न इचलकरंजीचे यंत्रमागधारक, हुपरीचे चांदी कारागीर आणि चप्पल बनवणारी कुटुंबेही विचारतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तर अधिकच. त्यांच्यासाठी फोवाचा दाखला माझ्यापेक्षा जास्त बोलका आहे, कारण ती माणसे त्यांच्यासारखीच हातावर काम करणारी होती. त्यांनीही दलालाला पहिला प्रश्न दराचा न विचारता, परत आलेला नग पाहायला मिळेल का, हा विचारावा.

घरातल्या अबोल्याबद्दल. तुमचे वडील भट्टीचा रंग पाहून तापमान सांगणाऱ्या पिढीतले असणार. दोषाचे कारण त्यांना कदाचित स्पेक्ट्रोच्या आधी कळत असेल. दोषांची वही त्यांच्या हाती द्या. रोज संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर लाल रंगाच्या ढिगापाशी त्यांनी, तुम्ही आणि मोल्डरने मिळून पंधरा मिनिटे उभे राहायचे आणि प्रत्येक नगापुढे एक कारण लिहायचे, एवढेच ठरवा. जर्मनीचा नमुना याच वहीच्या दुसऱ्या बाजूने सुरू करा. पहिल्या तीन महिन्यांची वही भरली की तिच्या प्रती घेऊन मला पुन्हा लिहा. लाइनबद्दल तेव्हा आकड्यांवर बोलता येईल.